चोरीची बिगोनिया

घोडपदेवच्या एका चाळीच्या गॅलरीतून, रंगाच्या जुन्या डब्यातून मी बिगोनिया बोलतेय. आत्मवृत्त जन्मापासून सांगतात म्हणे. माझी तिथेच पंचाईत आहे, कारण मी जन्मले नाही, मला मोडलं. तेही चोरून.

शेजारच्या जाईबाईंचं झाड हे माझं माहेर. काही वर्षांपूर्वी माझ्या मालकीण सुभद्राबाईंनी त्याची बोटभर फांदी न विचारता तोडली आणि पाण्याच्या पेल्यात ठेवली. आठवडाभर मी मान टाकून बसले. मग मुळं फुटली, फूल आलं आणि जाईबाईंनी मला ओळखलं.

"मागितली असतीस तर दिली नसती का?" एवढंच त्या म्हणाल्या. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. माझ्यावरून दोन बायका भांडल्या म्हणून मी उगाच तोऱ्यात असायचे.

खरं तर तोरा मिरवावा असं माझ्यात काय आहे? ऊन लागलं की करपते, पाणी जास्त झालं की कुजते, कोणाची पिशवी घासली तरी मोडते. फुलं नखाएवढी, त्यांना वास नाही.

यंदा मे महिन्यात जाईबाई गावी गेल्या. आईचं झाड सुकू नये म्हणून त्यांच्या मुलाने, अभयने, त्याला सकाळ-संध्याकाळ तांब्या तांब्या पाणी पाजलं. त्या परत आल्या तेव्हा खोड कुजून गेलं होतं. लग्नात माहेराहून आणलेली ती फांदी. दरवर्षी नवी लावून लावून त्यांनी ती जगवली होती. त्या वंशात आता मी एकटीच उरले.

जाईबाई काही दिवस माझ्याकडे न बघता जात-येत राहिल्या. मग एका सकाळी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सुभद्रा, एक फांदी देशील?"

सुभद्राबाई भाकऱ्या थापत होत्या. "मागून नेलेली लागत नाही, जाई."

जाईबाई जायला वळल्या.

"अगं थांब ना. चोरलेलीच मूळ धरते. माझं तोंड भाकरीकडे आहे, मी काय बघत नाही. मधली नको घेऊ, कोवळी आहे. कडेच्या दोन ने. आणि मग चहा पिऊन जा."

जाईबाईंनी मला दोनदा मोडलं. दुखलं, पण विचारतो कोण? आत कप वाजत होते.

आता मी भिंतीच्या दोन्ही बाजूंना आहे. दोघी रोज गॅलरीत माझी चौकशी करायला म्हणून येतात आणि दुसऱ्याच वाक्याला मला विसरून गुडघेदुखीवर जातात. जाऊ देत. बायांनो, मला पाणी घालायचं राहिलं तरी चालेल, पण बोलत राहा.