दोन इंच वर

गाडी दोन इंच उचलून घेतली त्या दिवसापासून उद्धव संकपाळच्या आईला गाडीतून खाली उतरता आलं नाही, कारण तिच्यापुरती जमीन रोज थोडी थोडी खाली जात होती.

बाकीच्यांसाठी ते दोनच इंच होते. पाटणच्या पेठेत उद्धवचं बी-बियाणांचं दुकान होतं. गाडी दुकानासमोर उभी राही आणि येणाराजाणारा टायरवर थाप मारून म्हणे, "रुबाबात दिसतीया." कराडच्या इकबाल मिस्त्रीनं कंपनीच्या स्प्रिंगा काढून लांब स्प्रिंगा घातल्या होत्या, त्याच्या भाषेत लिफ्ट बसवली होती, एवढंच. मागच्या सीटवर हौसाबाई बसलेल्या असत, मांडीवर पिशवी घेऊन.

पहिल्या दिवशी दारात गाडी थांबल्यावर त्यांनी पाय बाहेर काढला आणि पुन्हा आत घेतला.

"उद्धवा, पाय पुरंना रं."

उद्धवनं त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उचललं आणि अलगद खाली ठेवलं. हात खाली आले. हौसाबाई सीटवरच होत्या. दुसऱ्या दिवशी स्टूल लावलं. चौथ्या दिवशी दुकानातली शिडी आणली. तिचं वरचं टोक गाडीच्या टपाच्याही वर गेलं होतं, तरी हौसाबाई दारातून वाकून म्हणाल्या, "शिडी लई खाली हाय."

पुढं खिडकीतून घातलेला हातही त्यांच्यापर्यंत पोचेना. मग त्यांनी वरून दोर सोडायला सुरुवात केली. खिडकी उद्धवच्या छातीएवढ्या उंचीवर होती, पण दोर त्याच्या हातात यायला अकरा हात लागे. दोराला सून उज्ज्वला जेवणाचा डबा बांधी. डबा वर जायचा, रिकामा होऊन खाली यायचा. उद्धव गाडी चालवत असला की आरशात आई जवळच दिसे, अगदी मानेमागे. वळून पाहिलं की दिसे, पण कुणी माडीवर बसावं तशी.

"खाली कसं दिसतं, आत्याबाई?" उज्ज्वलानं एकदा विचारलं.

"हिरीसारखं. तुम्ही दोघं तळाला उभी."

एकविसाव्या दिवशी सकाळी उज्ज्वलानं गाडीचं वॉरंटीचं पुस्तक आणून उद्धवपुढं ठेवलं. तीन वर्षं त्याच दिवशी संपत होती.

"साडेपाचला त्यांचं बंद होतं," ती म्हणाली. "त्यांची वस्तू आहे, त्यांनी खाली घेऊन द्यावी."

कराडच्या सर्व्हिस सेंटरवर पोचायला चार वाजले. तिथं सबनीस नावाच्या बाई गाड्या तपासून घेत. त्यांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली, चारी चाकांपाशी एकेकदा बसल्या, चाकापासून वरच्या पत्र्यापर्यंतचं अंतर मोजलं आणि उठल्या.

"दोन इंच जास्त."

"हो."

"म्हणून सगळी वॉरंटी जात नाही. लोक उगाच घाबरतात. लिफ्टमुळे जे बिघडलं तेवढंच जातं, बाकीचं आमच्याकडं. काय बिघडलंय?"

"आई उतरत नाही."

सबनीसबाईंनी लिहून घेतलं. मग खिडकीतून आत बघितलं आणि बराच वेळ मान वर करून ठेवली.

"या मूळच्या, की नंतर बाहेरून बसवलेल्या?"

"गाडी घेतली त्या दिवशी पुढच्या सीटवर होती. इथंच पेढे वाटले तिनं."

"मग मूळच्या धरता येतील," सबनीसबाई म्हणाल्या. उज्ज्वलानं उद्धवच्या दंडाला हात लावला. बाईंनी कागद उलटला. "लिफ्ट बसवताना गाडी रिकामी होती?"

उद्धवला तो दिवस आठवला. त्या दिवशी ऊन मरणाचं होतं. इकबाल मिस्त्री म्हणाला होता, म्हातारीला उतरवा, सावलीत बाकडं आहे. उद्धवला घाई होती. त्यानं म्हटलं होतं, राहू दे बसलेली, अर्ध्या तासाचं तर काम.

"रिकामी होती," तो म्हणाला.

उज्ज्वलाच्या हातात दोराचं टोक होतं. तो तिच्या तळव्यातून वर सरकला. तिनं मूठ आवळली तरी हातभर गेलाच.

"अहो," ती म्हणाली. "दोर वर जातोय."

"उद्धवा," वरून हौसाबाई म्हणाल्या. "आत्ता खाली गेलास बघ."

सबनीसबाईंनी मान हलवली, जणू हे रोजचंच होतं. "पुढचं. लिफ्ट कशासाठी बसवली? दोनच रकाने आहेत. गरज किंवा हौस."

"गरज. आमच्या गावचा रस्ता दगडांचा आहे. गाडीचं पोट घासायचं. आईच्या पाठीला हादरे बसायचे."

हे तो तीन आठवडे सगळ्यांना सांगत होता. पण या वेळी दोर सर्रकन गेला. उज्ज्वलानं टोक सुटता सुटता धरलं, टाचा उंचावल्या, मग गाडीतला सामान बांधायचा पट्टा ओढून घेऊन घाईघाईनं दोराला गाठ मारली. पट्टाही वर जाऊ लागला. हौसाबाईंचा चेहरा खिडकीत नाण्याएवढा दिसत होता.

"खरं सांगा," उज्ज्वला म्हणाली. ती उद्धवकडं बघत नव्हती, गाठीकडं बघत होती. "पाठीचं तुम्हाला लिफ्ट बसवल्यावर सुचलं. आधी नाही."

"खरं सांगितलं तर वॉरंटी जाईल."

"आणि नाही सांगितलं तर?"

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजत आले होते. मागं दुसऱ्या गाड्या येऊन लागल्या होत्या. इतक्या जवळ, की उद्धवला दोन पावलंसुद्धा मागं सरता येईना. त्याच्या पाठीला कुणाच्या तरी गाडीचं गरम नाक टेकलं होतं.

गेल्या दिवाळीत पेठेत शेजारच्या खतवाल्यानं उंच गाडी आणली होती. कराडच्या सिग्नलला तो उद्धवच्या टपावरून पलीकडं बघायचा. बाकी काही कारण नव्हतं.

"हौस," उद्धव म्हणाला. "मला वरून बघायचं होतं. आणि आई आतच बसलेली होती. मिस्त्री उतरवा म्हणाला, मी नाही उतरवली."

पट्टा उज्ज्वलाच्या हातात थांबला. तिनं हलवून पाहिला. तो जागचा हलला नाही.

सबनीसबाईंनी हौसेच्या रकान्यात खूण केली. "प्रामाणिकपणे सांगितलंत ते बरं झालं. गाडीची वॉरंटी शाबूत आहे. गाडी आम्ही मूळच्या उंचीला आणून देतो. आई वॉरंटीत बसत नाहीत."

"गाडी खाली आली की आईपण येईल ना?"

"मी गाडीचं सांगू शकते."

दोन कामगारांनी गाडी जागेवर घेतली, लांब स्प्रिंगा काढल्या, कंपनीच्या घातल्या. सबनीसबाईंनी पुन्हा चारी चाकांपाशी बसून पट्टी लावली आणि चारीकडं मान डोलावली. गाडी दोन इंच खाली आली होती. हौसाबाई आल्या नव्हत्या. त्यांच्या आणि सीटच्या मध्ये दोन बोटं उजेड दिसत होता.

"जागा रिकामी करा," सबनीसबाई म्हणाल्या. "मागं लोक थांबलेत."

"थांबा," उद्धव म्हणाला, पण कामगारानं गाडी सुरू केली होती. चालत्या माणसाच्या अंगावरून झाडाची सावली सरकावी तशी गाडी हौसाबाईंच्या अंगावरून सरकत पुढं गेली. आधी पुढची सीट गेली, मग मागची, मग मागचं दार. बाहेर फाटकापाशी ती उभी राहिली, स्वच्छ, ठरल्या उंचीची. हौसाबाई होत्या तिथंच राहिल्या, मोकळ्या हवेत, मांडीवर पिशवी घेऊन, उद्धवच्या कमरेएवढ्या उंचीवर.

सबनीसबाईंनी कागद त्याच्यापुढं धरला. गाडी ताब्यात मिळाली, तक्रार नाही. खाली सहीची रेघ होती. घड्याळात साडेपाचला एक मिनिट होतं. उद्धवनं सही केली, पेन परत दिलं आणि आईच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. त्यानं दोन्ही हात वर केले. ते आईच्या डोक्याच्याही वर गेले.

"आई, दिसतोय का मी?"

"दिसतूस की. बारीक."

"किती खोल आहे?"

हौसाबाईंनी वाकून नीट पाहिलं. माहेरच्या नदीचं पाणी बघावं तसं, घाई न करता. त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली.

"तू हात काढू नगंस," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पायांतल्या चपला काढून हातात घेतल्या, लुगडं घोट्याच्या वर धरलं आणि उजवा पाय खाली सोडला.