उजवी बाजू आधी

"गिळ ना गं आमा. गालात किती वेळ धरून बसशील?" सुकैसी म्हणाली, आणि तेवढ्यात फोन वाजला.

एका हातात पेजेची वाटी, दुसऱ्यात चमचा, समोर आमा, म्हणजे ती सांभाळत असलेली म्हातारी आजी. फोन खांद्याने कानाशी दाबून धरायची तिला सवय होती. पलीकडे तिची धाकटी बहीण तरमिनी. तिच्या मागे बायकांचा गलका होता आणि कुणीतरी अंगणात खुर्च्या ओढत होतं.

"ताई, आई गेली."

"कधी?"

"पहाटे. पाणी मागितलं तिनं. मी आणेपर्यंत..."

"बरं."

"बरं काय, ताई?"

 आमाने पेज गिळली, तोंड उघडलं. सुकैसीने पुढचा चमचा भरला.

"आंघोळ कोण घालतंय?"

"इमामसाहेबांची बायको येतेय. मावशी आहे, मी आहे. दुपारच्या नमाजाआधी उरकायचं म्हणतात." तरमिनीने नाक ओढलं. "दफनाच्या वेळी व्हिडिओ लावू का तुला?"

"नको. तेव्हा आमाची आंघोळ असते."

"तुझी आमा एक दिवस पारोशी राहिली तर मरणार नाही!" तरमिनी ओरडली. मग आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं असावं. तिने फोन ठेवून दिला.

आमाने वाटी संपवली. सुकैसीने तिची हनुवटी पुसली, तिचं आवडतं नाटक टीव्हीवर लावून दिलं आणि भांडी घासायला गेली. तिला काहीच वाटत नव्हतं. थंडीत बधिर झालेल्या बोटाला सुई टोचली तर कळतं, पण दुखत नाही, तसं काहीसं होतं.

सुकैसीचं गाव जावातल्या इंद्रमायूच्या किनाऱ्यावरचं. आई बाजारात सुकी मासळी विकायची आणि गिऱ्हाइकांशी भांडायची. मुलगी तैपेईला कामाला निघाली तेव्हा बाकीच्या बायांच्या आया एजंटच्या गाडीपाशी धाय मोकलून रडत होत्या. सुकैसीची आई मात्र मोलभाव केल्यासारखी बोलली होती. "पैसे पाठव, नाहीतर नको पाठवू. पण मला शेवटची आंघोळ तूच घालायचीस. तरमिनी धसमुसळी आहे. कानात पाणी घालील माझ्या."

"घालीन गं," सुकैसी म्हणाली होती. "अजून पुष्कळ अवकाश आहे."

ती आंघोळ कशी घालायची ते तिला आईनेच शिकवलं होतं, आजी गेली तेव्हा. अंगावर कापड ठेवायचं, माणूस उघडं पडू द्यायचं नाही. उजवी बाजू आधी, मग डावी. तीन वेळा. शेवटच्या पाण्यात कापूर. आणि पाणी ओतायचं नाही, सोडायचं. "तिला आता ओरडता येत नाही," आई म्हणाली होती, "म्हणून आपणच सांभाळून."

पुढे जकार्तातल्या प्रशिक्षण केंद्रात तिला एका रबरी बाहुलीला आंघोळ घालायला शिकवलं. तिथे उजवं-डावं काही नव्हतं. आधी तोंड, मग हात, शेवटी पाय, आणि प्रत्येक वेळी चिनीत विचारायचं, "आजी, पाणी गरम नाही ना?" बाहुली कधीच गरम म्हणाली नाही. आमा मात्र पहिल्याच दिवशी इतकी किंचाळली की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले.

त्यालाही आता वर्षं झाली. सुकैसी हे नाव इथे कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून ती आ-सी झाली. आमाच्या डोक्यातून एकेक माणूस पुसलं गेलं. समुद्रापलीकडे कारखाना सांभाळणारा मुलगा पुसला गेला, मग सून, मग स्वतःचा नवरा. आ-सी तेवढी राहिली. दुसऱ्या कुणाच्या हातचं ती खात नव्हती, आणि तिथेच सगळं अडलं होतं. आईची तब्येत बिघडल्यापासून सुकैसीने दोनदा रजा मागितली होती. श्यू मॅडम, म्हणजे आमाची सून, बाई वाईट नव्हती. बदली बाई आणून पाहिली, तर आमाने तिच्या अंगावर पेज थुंकली. "नव्या वर्षानंतर नक्की जा," मॅडम म्हणाल्या होत्या. "तोवर आपण काहीतरी करू."

चिनी नवं वर्ष आता तोंडावर आलं होतं. मॅडम शनिवार असल्यामुळे घरीच होत्या आणि दारावरचे शुभेच्छांचे जुने लाल कागद ओल्या फडक्याने खरवडून काढत होत्या.

"आ-सी, कुणाचा फोन होता?"

"बहिणीचा."

"आई कशी आहे?"

सुकैसीने हातातलं भांडं विसळलं. सांगायला हरकत काय होती? पण ज्याच्या घरी नुकतंच कुणी गेलंय त्याने नव्या वर्षाच्या तोंडावर दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकू नये, हे या घरात शेंबडं पोरही पाळत होतं. शेजारचे म्हातारे आजोबा गेले तेव्हा मॅडमनी त्यांच्या सुनेला दारातूनच वाटी परत केली होती. आणि सुकैसी तर या घरातच राहत होती, आमाच्या पलंगाला पलंग लावून. तिने कुठे जाऊन उभं राहायचं? कदाचित मॅडमनी तसं काही केलंही नसतं. पांढऱ्या पाकिटात पैसे घालून दिले असते, पाठीवर हात ठेवला असता, "जरा बस" म्हणाल्या असत्या. बसून काय करायचं, हे सुकैसीला सुचत नव्हतं.

"आहे तशीच," ती म्हणाली.

दुपारी जेवण झाल्यावर तिने न्हाणीघरातला हीटर लावला, टबात पाणी काढलं, आमाला व्हीलचेअरवरून उचलून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. थंडीत आमाची आंघोळ म्हणजे रोजची मारामारी. "मेले, जाळतेस का मला?" इथपासून सुरुवात व्हायची आणि सुकैसीच्या सात पिढ्यांचा उद्धार होईपर्यंत साबण लागायचा.

आज आमा ओरडली नाही. जरा वेळाने तीच म्हणाली, "आज काय आहे गं?"

"कुठं काय? शनिवार आहे."

"मग अशी सावकाश का घालतेस? लग्नाला जायचंय का?"

"हो, जायचंय."

"कुणाच्या?"

सुकैसीने टबातलं पाणी मगात भरून घेतलं. मग हातांना लावून दिलेलं काम असल्यासारखे तिचे हात चालत राहिले. खांद्यावरून पाणी सोडलं, दंडावरून, कुशीवरून, मांडीवरून पावलापर्यंत. तळहाताने हलकेच चोळलं. मग दुसरी बाजू. मग पुन्हा पहिली. कान आले तेव्हा तिने आमाचं डोकं कलतं केलं आणि आपली करंगळी कानाच्या भोकावर ठेवली. आमा डोळे मिटून बसली होती. मानेवरची कातडी सैल, पाठीचे मणके मोजता येतील असे, आणि डाव्या खांद्यावर भाजल्याचा जुना डाग. सुकैसीच्या आईच्या अंगावर असा डाग नव्हता. तिच्या अंगावर काय होतं, हे सुकैसीला आठवेना.

तिने कपाट उघडलं. टॉवेलांना कसर लागू नये म्हणून मॅडम तिथे एका डबीत कापराचे खडे ठेवायच्या. तिने एक खडा दोन बोटांत चुरडला आणि मगातल्या पाण्यात टाकला.

वास नाकात गेला आणि ती थांबली.

आमाच्या छातीपासून गुडघ्यांपर्यंत टॉवेल पसरलेला होता. तो आपण कधी टाकला? रोज नव्हती टाकत. उजवी बाजू आधी. तीन वेळा. सुकैसीने मगाकडे पाहिलं, आमाच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिला काहीतरी वाटलं. भीती वाटली. जित्याजागत्या माणसाला तिने मयताची आंघोळ घातली होती.

"आमा!" तिने खांदा हलवला. "आमा, ए आमा!"

आमाने तोंड वासलं, नाक आक्रसलं, आणि एवढी मोठी शिंक दिली की सुकैसीच्या हातातला मग खाली पडला.

"मेले, गारठवून मारतेस का मला?" आमा ओरडली.

सुकैसीने कापराचं पाणी मोरीत ओतलं, आमाला साध्या पाण्याने भराभर पुन्हा आंघोळ घातली, डावीकडून, उजवीकडून, मिळेल तिथून, बाहुलीला घालायची तशी. आमा शिव्या देत राहिली. प्रत्येक शिवीला सुकैसी म्हणत होती, "हो आमा, हो."

"कापराचा वास कुठून येतोय?" मॅडमनी बाहेरून विचारलं.

"मुंग्या झाल्या होत्या, मॅडम."

आमाला कपडे घालून, पायांत मोजे चढवून ती फोनकडे वळली, तेव्हा तरमिनीचा निरोप येऊन पडला होता. झालं सगळं. नमाजाला पुष्कळ माणसं होती. आईच्या कानात मी कापूस घातला होता, पाणी गेलं नाही. तू रडलीस का ताई?

सुकैसीने लिहिलं, "बरं केलंस."  तिला तरमिनीचा राग आला. कापूस घालायचं तिला सुचलं याचाच राग आला, आणि मग आपल्याला असा राग यावा याची लाज वाटली.

संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीची वेळ झाली. या गल्लीत कचरा दाराबाहेर ठेवून चालत नाही. पियानोची चाल वाजवत गाडी येते, कोपऱ्यावर घटकाभर थांबते, आणि ज्याने त्याने आपल्या हाताने निळी पिशवी आत फेकायची. सुकैसीसारख्या बायकांच्या जिवाला तेवढाच विरंगुळा. गाडी यायच्या जरा आधी उतरायचं, कुणाचा म्हातारा पडला, कुणाच्या मालकिणीने फ्रिजला कुलूप लावलं, कुणाच्या नवऱ्याने गावी दुसरा घरोबा केला, सगळं सांगून घ्यायचं. गाडी गेली की दारं बंद.

कोपऱ्यावर मुर्याती आधीच उभी होती. पोनोरोगो गावची, वयाने सगळ्यांत मोठी, तोंडाने तर फारच. सोबत आणखी तिघी जावाकडच्या आणि ती अबोल व्हिएतनामी बाई, जिचं नाव कुणालाच नीट घेता येत नव्हतं.

"काय गं सुके, आज थोबाड का असं?" मुर्याती म्हणाली. "म्हातारीने बदडलं?"

"आई गेली माझी. सकाळी."

मुर्यातीच्या हातातली पिशवी खाली आली. तिने ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं, बाकीच्यांनीही म्हटलं.

"मग तू इथं काय करतेस?"

"कचरा टाकायला आले."

"मालकिणीला सांगितलंस?"

सुकैसीने नकारार्थी मान हलवली. मग ती एका दमात बोलली. "आईला मीच आंघोळ घालणार होते. तसं कबूल केलं होतं. आणि आज मी आमाला घातली, मयताची. उजवी बाजू आधी, कापूर, सगळं. मला कळलंच नाही. मुर्याती, म्हातारीला काही झालं तर?"

 मुर्यातीने थोडा विचार केला.

"म्हातारी काय म्हणाली?"

"शिंकली."

"मग झालं. मयत शिंकत नाही."

एकजण फिसकन हसली आणि तिने तोंडावर हात घेतला. सुकैसीलाही हसू आलं, पण ते वरपर्यंत पोचलं नाही.

"आणि आईला?" तिने विचारलं. "आईला पोचली असेल का ती आंघोळ?"

"ते मला काय विचारतेस? मी काय पोस्टात आहे?" मुर्याती खेकसली. तिचा आवाज मात्र चिरकला. "ठेवा गं पिशव्या खाली. दुवेला हात करा."

त्याच वेळी कोपऱ्यावरून पियानो ऐकू आला. पिवळी गाडी वळली. मुर्यातीने तिकडे पाहिलं आणि डोळे मिटून पढायला सुरुवात केली. पिशव्या सगळ्यांच्या पायांशी, ओंजळी छातीपुढे. व्हिएतनामी बाईला यातलं काही येत नव्हतं. तिने पिशवी ठेवली आणि हात जोडले.

गाडी थांबली. शेजारपाजारचे लोक चपला फटफटवत आले, आपापल्या पिशव्या फेकून गेले. गाडीमागचा माणूस ओरडला, "अगं ए पोरींनो! फोटोला उभ्या राहिलात का? टाका लवकर!"

मुर्याती थांबली नाही. घाईही केली नाही. एकेक शब्द सुटा, पुरता. सुकैसी आमीन म्हणत होती. तिचे डोळे कोरडेच होते. त्या माणसाने आणखी एकदा हाक मारली, मग ओंजळींकडे पाहिलं आणि गप्प झाला. तो थोडा थांबलाही. मग मागची गाडी हॉर्न द्यायला लागली, त्याने पत्र्यावर थाप मारली आणि पियानो पुढच्या गल्लीत गेला.

दुवा संपली. सगळ्यांनी तळहात चेहऱ्यावरून फिरवले.

"आता घरोघरी शिव्या," मुर्याती म्हणाली आणि नाक पुसलं. "चला."

प्रत्येकीने आपली पिशवी उचलली आणि आपापल्या म्हाताऱ्यांकडे परतली.

सुकैसी चार मजले चढून आली तेव्हा दारात मॅडम नवे लाल कागद हातात घेऊन सरळ लागतात का ते पाहत होत्या. त्यांनी पिशवीकडे पाहिलं.

"गाडी चुकली?"

"नाही, मॅडम."

"मग थांबली नाही?"

"थांबली होती. मीच टाकला नाही."

मॅडमनी कागद खाली केला आणि तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. काही विचारतील असं वाटलं. आतून आमाने हाक मारली, "आ-सी! आ-सी गं!"

"बाल्कनीत ठेव मग," मॅडम म्हणाल्या. "घट्ट बांध. वास येईल."

सुकैसी पिशवी बाल्कनीत घेऊन गेली आणि खाली बसली. गाठ घट्टच होती. तिने ती सोडली आणि पुन्हा बांधली.