आडोशाचा उतार

वसुधाताई म्हटलं की मला आधी ऐकू येतो फावड्याचा आवाज. ताज्या हिमात शिरताना मऊ, जवळजवळ निःशब्द; आणि खालच्या गोठलेल्या थराला टेकताच करकरीत. मग हातमोजा काढून त्या उघडा तळवा खणलेल्या खड्ड्याच्या शुभ्र भिंतीवर ठेवत आणि डोळे मिटत. आयुष्यभर रुग्णांना भूल देऊन त्यांच्या श्वासाशी जागा राहिलेला तो हात. घाई त्याला ठाऊकच नव्हती.

मूळच्या नागपूरच्या, उन्हात तापून निघालेल्या ह्या बाईंना स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसच्या हॉस्पिटलात आल्यावर थंडीचं वेड लागलं. मी आणि समीर मिल्टन कीन्सहून ड्राइव्ह करत सुट्टीला जायचो, की पाहुणचार म्हणून त्या आम्हा नवरा-बायकोला उजाडताच डोंगरावर पिटाळायच्या. एका शिखरानं मात्र दर हिवाळ्यात त्यांना हुलकावणी दिली होती. त्या वर्षी रिटायरमेंट होती, मग कायमचं नागपूर. यंदा त्याला सोडायची नाही, असं त्या चहा गाळतागाळता बजावत.

त्या दिवशी शिखर अगदी समोर होतं. नवं हिम भुरभुरत होतं, वारा गालफडं सोलून काढत होता, आणि ढगांतून झिरपणाऱ्या करड्या उजेडात डावीकडचा उतार मात्र शांत, गुळगुळीत, जणू आमचीच वाट पाहत पसरलेला. समीर सह्याद्रीत भटकून मोठा झालेला. वारा सुटला की आडोशानं चढायचं, हे त्याच्या पायांतच मुरलेलं. तो तिकडे वळलासुद्धा. ताईंनी हाक मारून त्याला थांबवलं, कडेलाच खणलं, हिमाचा चौकोनी खांब कापला आणि त्यावर फावडं ठेवून नुसती चापट मारली. दुधावरची साय बोटानं सरकावी तसा वरचा अख्खा थर सुटून त्यांच्या पायाशी आला.

"वारा पलीकडचं सगळं हिम उचलून इथं आणून टाकतो, समीर," त्या म्हणाल्या. "आपण पाय ठेवला की हा अख्खा उतार असाच सुटेल. इथं आडोसाच जीव घेतो."

समीरनं हुज्जत घातली, एवढा काय बाऊ करायचा म्हणाला. दुसरी वाट नव्हती. वाऱ्याकडची धार नुसती काचेसारखी गोठलेली. ताईंनी शिखराकडे एकदा डोळे भरून पाहिलं. मला गलबलून आलं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी घालवलीत ते इतक्या जवळ आलंय, असं मी बोलूनही गेले.

"माझं राहू दे. खाली चला."

आणि त्या निघाल्या. पाठ ताठ, पावलं एकसारखी. मागं वळून पाहणं नाही.

उतारावर त्या दिवशी काहीच घडलं नाही. परतीच्या वाटेवर समीर गाडीत फुरंगटून बसला होता. ताई नागपूरला गेल्या, आणि काही वर्षांनी तिथूनही गेल्या. ते शिखर त्यांचं राहिलं ते राहिलंच. त्यांचं खरं होतं का, हे कधीच सिद्ध झालं नाही. ते सिद्ध झालं असतं, तर दर हिवाळ्यात 'त्या दिवशी उगीच मागे फिरलो' असं पुटपुटत ताईंची आठवण काढणारा समीर आज माझ्यापाशी नसता, तोच एक आठवण असता.