चौथ्या बटणावरचं गाणं

मिसरूड फुटल्यापासून सिद्धोधन रंगनाथदादांच्या भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवत होता. यंदा जयंतीच्या तोंडावर दादांनी गिटारचा प्रोसेसर घेतला. पायाशी ठेवायची चपटी पेटी; एकेक बटण पायानं दाबलं की गिटारचा आवाज पालटतो. पेटी घेऊन दादा थेट वालूरला त्याच्या घरी आले.

"सिद्धू, समदी गाणी बसव हिच्यात. वळीनं. तुझ्याबिगर कुणाला जमतंय?"

माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवावं तर दादांनीच. सिद्धोधन चढला. कुठल्या गाण्याला गिटार ढोलकीच्या वर निघाली पाहिजे, कुठं मागं सरून पार्टीत गाणाऱ्या सुकेशनीच्या गळ्याला वाट दिली पाहिजे, हे त्याच्या बोटांना पाठ होतं. आता ते पेटीला शिकवायचं होतं. भोंग्यावर आवाज चिरकतो, म्हणून त्यानं प्रत्येक आवाजाची धार थोडी बोथट केली.

चौथं बटण मात्र आईचं. सुलाबाईचे गुडघे गेलेले, गावातल्या जयंतीच्या मंडपापर्यंत जाणं होत नाही. पण भोंगा घरात स्पष्ट ऐकू येतो. रमाईवरचं संथ गाणं म्हणजे तिचा जीव की प्राण. लसूण सोलता सोलता ती म्हणाली, "आजून लांब जाऊ दे की रं आवाज. हिरीत हाक मारल्यावानी."

त्यानं घुमारा वाढवला. खाली एक जाड सूर जोडला, एक तार छेडली तरी दोन वाजल्यासारख्या. सुलाबाईचा हात थांबला.

"हां. आता वळखीन मी. ह्यो माझ्या लेकाचा हात."

दादा पेटी न्यायला आले, तेव्हा त्यानं बटणांखाली गाण्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. दादांनी आपल्याच अंगठ्यानं दोनचार बटणं दाबून पाहिली.

"म्हंजी कुणीबी दाबलं तरी आसंच वाजंल?"

"कुणीबी, दादा! नवशिका बसला तरी पार्टीची इज्जत जाणार न्हाई."

शहाण्यानं स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला आणि वर हसलासुद्धा.

जयंतीच्या संध्याकाळी नवा पांढरा शर्ट घालून, गिटार खांद्याला लावून तो स्टेजवर चढला, तर त्याच्या खुर्चीत एक गोरागोमटा तरुण बसलेला. पायाशी तीच पेटी, तिच्यावर सिद्धोधनच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या.

दादांनी त्याला पडद्यामागं घेतलं. "आपला व्हनारा जावई हाय, सिद्धू. गिटारचा नाद हाय त्याला. यवढ्या लोकांत त्याला बसवलं की पाव्हणे खूश. समजून घे."

"आन् मी, दादा?"

"तू घरचाच हायस की."

सिद्धोधननं सुकेशनीकडं पाहिलं. धाकट्या बहिणीसारखी होती ती. ती माईकची वायर सरळ करत राहिली. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. नव्हतं ते त्यालाच. केसानं गळा कापला होता दादांनी, आणि कातडी सोलल्यासारखं त्याला दुखत होतं. निळ्या झेंड्यांखालून, ओळखीचे नमस्कार चुकवत तो घराकडं निघाला.

मागं पहिलं गाणं लागलं, दुसरं, तिसरं. कुठं अडलं नाही, कुठं आवाज फाटला नाही. पोरगा चांगला वाजवत होता असं नाही. पेटी चांगली बसवलेली होती.

तो दारात पोचला आणि चौथं गाणं सुरू झालं. तो घुमारा, खालचा तो जाड सूर. सुलाबाई भिंतीला टेकून, डोळे मिटून बसली होती. शेजारच्या तानुबाई काही बोलायला गेल्या, तशी ती डोळे न उघडता म्हणाली, "गप की बाई. माझं लेकरू वाजवायलंय."

तानुबाईंनी दाराकडं पाहिलं. खांद्याला गिटार लावलेला सिद्धोधन उंबऱ्याबाहेर उभा होता. त्यानं त्यांच्यापुढं हात जोडले, चपला हातात घेतल्या, आणि गाणं संपेपर्यंत घरामागं जाऊन बसला.