सहावा हुंकार

आता जे सांगणार आहे ते तुम्हाला खरं वाटणार नाही. आजवर कुणालाच वाटलेलं नाही. ज्या दोघा-तिघांना वाटलं, ते सांगायला उरले नाहीत.

मी एक जुनी घोंगडी आहे. बजाजनगरातल्या या दोन खोल्यांत माझ्याइतकं म्हातारं कुणी नाही, एक सखूबाई सोडली तर. ती इथंच, तुमच्या मधोमध बसली आहे, पण तिला डुलकी लागली आहे. तिच्याकडे लक्ष देऊ नका. बोलते आहे ती मी.

मित्रांनो, बाहेर रविवारची दुपार आहे, लख्ख ऊन आहे. पण काळ्या मेंढीच्या लोकरीतून ऊन आत येत नसतं. माझ्याखाली तुम्ही पाच लेकरं आहात. नियम एकच. मी थांबले की एकेकानं हूं म्हणायचं. हुंकार थांबला की गोष्ट थांबते, आणि अर्ध्यात थांबलेल्या गोष्टीत जे काही असेल ते वाट शोधत बाहेर येतं. म्हणा बरं. एक, दोन, तीन, चार, पाच. शाबास.

माझा जन्म पैठणच्या पुढचा, धरणाच्या पाण्याजवळचा. सखूबाईचा नवरा मुंजाबा तिथं मेंढरं राखायचा. त्यानं लोकर कातरली, सखूबाईनं सूत काढलं, विणकरानं मला विणलं आणि चिंचोक्याची खळ पाजून असं ताठ केलं, की मी भिंतीचा आधार न घेता उभी राहायचे. पावसात मी मुंजाबाच्या डोक्यावर, थंडीत त्याच्या अंगाखाली. ओलं कोकरू जन्मलं की पहिलं माझ्यात यायचं. बाजारात लोक मला हात लावून म्हणायचे, काय घोंगडी आहे!

इथं सखूबाईच्या नातीनं, ज्ञानेश्वरीनं, मध्येच विचारलं, घोंगडीला मिसरीचा वास कसा येतो. हुशार पोर आहे. अगं, चाळीस वर्षं सखूबाईच्या घरात काढली, वास येणारच. हूं म्हण.

तर मुंजाबा रोज दिवस मावळताना मेंढरं मोजायचा. एकेक मेंढरू वाड्यात शिरायचं आणि तो त्याच्या पाठीवर हात ठेवायचा. साठ मेंढरं, साठ हात. एका संध्याकाळी साठ झाली आणि त्याच्या हाताखालून आणखी एक पाठ गेली. गार होती. लोकर ओली होती आणि पाऊस तर महिनाभर पडलेला नव्हता. मित्रांनो, एक कमी भरलं तर मेंढपाळ शोधायला निघतो. एक जास्त भरलं तर तो कुणाला काही सांगत नाही. मुंजाबानं मला अंगावर घेतलं आणि वाड्याच्या तोंडाशी बसला. उजाडल्यावर पुन्हा मोजली, तर साठच. पण माझा एक कोपरा ओला होता. आत कुणीतरी बसून गेलं होतं.

एक, दोन, तीन, चार, पाच. ज्ञानेश्वरी, मोठ्यानं.

पुढं मेंढरं विकली गेली. मुलगा बिभीषण वाळूजला कंपनीत लागला. मुंजाबा गेला तो माझ्यावरच गेला. त्यानंतर सखूबाईनं मला एकदाही धुतलं नाही. ती मला नाकाशी धरून बसते तेव्हा तिच्याशी कुणी बोलत नाही.

आता सून दीपमाला. बाई वाईट नाही, पण कंपनीत शिफ्ट करून येते, साफसफाईला तिला एक रविवार मिळतो. माळ्यावर हात घातला की मी टोचते. कसर लागलीय म्हणते, ओलसर हवेत वास मारते म्हणते. शेवटी तिनं गल्लीतल्या अप्पाराव टेलरला सांगितलं, रविवारी या आणि हिची चार पायपुसणी करून द्या. सखूबाई आठवडाभर धड जेवली नाही.

मागच्या रविवारी, याच वेळेला, अप्पाराव आला. तुम्ही माझ्याखाली होतात, म्हणून तुम्हाला दिसला नाही. त्यानं या कोपऱ्याला कात्री लावली. हात लावा इथं. लागली ना चीर? कात्री लागली आणि आतून हुंकार आले. त्यानं मोजले. पाच लेकरं आणि हुंकार सहा. त्यानं वाकून कड उचलली, कोण जास्तीचं आहे ते बघायला.

तेव्हापासून त्याच्या दुकानाचं शटर खाली आहे. तुम्ही येता-जाता बघितलं असेल. आता चिरेच्या वर चाचपा, हळूच. ही गाठ मागच्या रविवारपर्यंत नव्हती.

म्हणून विनवते, मित्रांनो. जुन्या जिवाला कात्री लावू नका. घरी जाऊन सांगा, दीपमालाला तर आधी सांगा. आणि आता शेवटचा हुंकार द्या.

एक. दोन. तीन. चार. पाच.

सहा.

मित्रांनो, हा मी गोष्टीत घातलेला नव्हता.

परत म्हणा. हसू नका, कुणी दोनदा म्हणू नका. एक, दोन, तीन, चार, पाच. आणि मग थोडं थांबून, दाराच्या बाजूनं, अगदी शांतपणे, सहा. ज्ञानेश्वरी सखूबाईच्या मांडीत घुसली. सखूबाईनं मला दोन्ही मुठींत घट्ट धरलं. तिला डुलकी-बिलकी काही लागलेली नव्हती. माझी कड वर उचलली गेली, आत ऊन आलं, आणि उन्हात दोन पाय.

दीपमाला खाली बसली आणि म्हणाली,

"सहावा माझा व्हता, आत्याबाई. ती चीर उंदरानं कुरतडलेली हाय, अन् अप्पाराव पैठणला लेकीकडं गेलाय. मागच्या रविवारी कात्री घेऊन दारात आला, तर आत तुमची मेंढरं मोजायची चालली व्हती. मीच त्याला म्हणलं, जा बाबा माघारी, घोंगडी नाय कापायची."