उचलू नका, सर

ओवी टिपणीस गोल्फ शिकली ती अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्याच्या कॉलनीत. ऑफिसर लोकांसाठी तिथे नऊ होलचं छोटं मैदान होतं. टीव्हीत दिसते तशी हिरवळ वगैरे काही नाही. खळग्याभोवती तेल मिसळलेली काळपट वाळू पसरलेली असायची आणि त्या वाळूवरच बॉल हलकेच ढकलायचा. त्या हलक्या फटक्याला पट म्हणतात, हे तिला वडिलांनी ती दुसरीत असताना शिकवलं.

वडील, मधू टिपणीस, त्या कारखान्यात शिफ्ट इनचार्ज होते आणि कॉलनीतले सगळ्यात चांगले खेळाडू. दरवर्षी वार्षिक स्पर्धेच्या फायनलला ते जायचे आणि दरवर्षी जनरल मॅनेजरकडून हरायचे. घरी आल्यावर ओवीची आई कुंदा चहा पुढे करत विचारायची, "यंदा कुठे चुकलात?" मधू म्हणायचे, "शेवटच्या पटला." सगळे हसायचे. ओवी पण हसायची. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं हे तिला कळेपर्यंत कारखान्याला टाळं लागलं, टिपणीस कुटुंब बदलापूरला बेलवलीत राहायला आलं आणि त्या मैदानावर तबेल्याच्या म्हशी चरायला लागल्या. म्हशींनी नवातले सहा होल शिल्लक ठेवले होते. बापलेक दर रविवारी जाऊन त्या सहा होलवर खेळायचे.

उल्हासनगरच्या कॉलेजात ओवीने जिमखान्याच्या सरांना सांगितलं की तिला आंतरमहाविद्यालयीन गोल्फ खेळायचं आहे. सर म्हणाले, "आपल्याकडे कॅरम आहे." ती रोज जाऊन त्यांच्या टेबलासमोर उभी राहायची. शेवटी कंटाळून त्यांनी सही केली. कॉलेजचा ब्लेझर एका कबड्डीवालीकडून मागून घेतला, तो खांद्यावर एवढा सैल की फटका मारायच्या आधी काढून ठेवावा लागे. पहिल्या वर्षी चौथी आली, दुसऱ्या वर्षी दुसरी. तेव्हा कॉलेजने गेटवर बॅनर लावला आणि त्यावर 'गोल्ड स्पर्धेत यश' असं छापलं. ओवीने मार्करने ते स्वतः दुरुस्त केलं.

पुढे ती केमिस्ट झाली आणि अंबरनाथच्या एमआयडीसीत लछवानींच्या कारखान्यात लागली. औषध कंपन्यांना लागणारा कच्चा माल तिथे बनायचा. नोकरी लागल्यावर खेळ सुटतो, तसा तिचा सुटला नाही. ती हौशी खेळाडूच राहिली, म्हणजे खेळाचे पैसे न घेणारी, आणि वर्षातून एकदा पुण्याला राज्य हौशी स्पर्धेला जायची. लछवानींना याचं कौतुक होतं. उल्हासनगरमध्ये छोट्या दुकानापासून सुरुवात केलेला माणूस, जिभेवर साखर. ते तिला बेटा म्हणायचे, स्पर्धेसाठी पगारी रजा द्यायचे आणि तिचे कप रिसेप्शनमध्ये काचेच्या कपाटात ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे.

एका नोव्हेंबरात एमआयडीसीतल्या कारखानदारांची स्पर्धा बदलापूरच्या पुढे कर्जत रस्त्यावरच्या अठरा होलच्या गोल्फ कोर्सवर होती. कारखान्यातर्फे ओवी उतरली आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत फायनलला पोचली. समोर होते मेहरोत्रा, पुण्याच्या एका मोठ्या औषध कंपनीचे खरेदी प्रमुख. लछवानींचा निम्मा माल तेच उचलायचे आणि नवा करार त्याच महिन्यात व्हायचा होता.

लछवानींनी तिला क्लबच्या व्हरांड्यात बोलावलं.

"बस, बेटा. चहा घे. उद्या मेहरोत्रासाहेब."

"हो सर."

"चांगला माणूस आहे. कॉलेजात खेळलेला आहे दिल्लीला. पण हार सहन नाही होत त्याला. मी काय बोलतोय कळतंय ना तुला?"

ओवीला कळलं होतं. पण ते त्यांच्या तोंडून यावं असं तिला वाटलं. "नाही सर," ती म्हणाली.

लछवानींनी बिस्किटाची प्लेट तिच्याकडे सरकवली. "सतराव्या होलपर्यंत मस्त फाइट दे. लोकांना मजा आली पाहिजे. मग शेवटी एखादा पट जातो की इकडेतिकडे."

"माझे जात नाहीत, सर."

"म्हणून तर सांगतोय. मी जबरदस्ती नाही करत हां. कारखान्यात एवढी माणसं आहेत, त्यांच्या घरचा विचार कर. आणि पुण्याच्या तुझ्या रजेचं मी बघतोच आहे."

ती चहा तसाच ठेवून उठली.

मधूंनी गाडी आणली होती. ते तिची बॅग धरायला यायचे, बॉल कुठे पडला ते बघायचे, वारा सांगायचे. वाटेत तिने त्यांना सगळं सांगितलं.

"एक मॅच आहे, ओवी," ते म्हणाले. "तुझी खरी स्पर्धा पुण्याची. तिथे खेळ मनासारखं."

"बाबा, तुम्ही दरवर्षी हरलात. कारखाना बंद पडायचा राहिला का?"

त्यांनी गिअर बदलला. बेलवलीचं वळण आलं तेव्हा ते रस्त्याकडे बघतच म्हणाले, "तेव्हा वाटायचं, घरासाठी हरतोय."

"मग?"

"मग पुढे पुढे मला खरंच जिंकता येईना."

रविवारी सकाळी शंभरेक माणसं जमली होती. मेहरोत्रा उंच, पांढऱ्या टोपीत, हसतमुख. ते ओवीपेक्षा कच्चे, म्हणून नियमाप्रमाणे त्यांना काही होलवर एकेका फटक्याची सवलत होती. या खेळात प्रत्येक होलचा हिशोब वेगळा असतो. ज्याने कमी फटक्यांत बॉल खळग्यात घातला त्याचा तो होल, आणि शेवटी ज्याचे होल जास्त तो जिंकला. बॉल खळग्याच्या अगदी जवळ आला की समोरचा खेळाडू 'दिला' म्हणू शकतो. मग तो पट न मारताच बसला असं धरतात. पण द्यायचा की नाही हे समोरच्याने ठरवायचं असतं, स्वतःच्या मनाने घ्यायचा नसतो.

मेहरोत्रा स्वतःच घ्यायचे. पहिल्या होलला त्यांचा बॉल खळग्यापासून हातभर अंतरावर थांबला. "इतना तो चलता है," म्हणत त्यांनी तो उचलून खिशात टाकला. पंचांनी ओवीकडे बघितलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या होलला अंतर दुप्पट होतं, तिथेही तेच. बघणारे कौतुकाने हसले. त्यांना याची सवय असावी.

तिसऱ्या होलला मेहरोत्रा वाकले तेव्हा ओवी म्हणाली, "उचलू नका, सर."

ते तसेच अर्धवट वाकलेले राहिले. "क्या?"

"मी दिलेला नाही. खेळा."

लछवानी मोबाइलमध्ये बघायला लागले. मधूंनी बॅगचा पट्टा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. मेहरोत्रा हसले, घाईघाईने उभे राहिले आणि पट मारला. बॉल खळग्याच्या कडेवरून फिरून बाहेर आला.

होल ओवीचा झाला.

चौथ्या होलकडे चालताना तिला आतून बरं वाटत होतं. पाचव्याला तिने पुन्हा सांगितलं, खेळा. सातव्याला पुन्हा. कोणीतरी मागून म्हणालं, "काय पोरगी आहे, पाहुण्याला असं करतात?" ती वळली नाही. नवव्यापर्यंत ती तीन होल पुढे गेली होती.

मग मेहरोत्रांनी टोपी काढून ठेवली. ते हसायचे थांबले. प्रत्येक पटाआधी ते गुडघ्यावर बसून उतार बघायला लागले. आणि खेळायला लागल्यावर दिसलं की माणसाला खेळता येतं, फार दिवसांत कोणी खेळायला लावलं नव्हतं एवढंच. अकरावा त्यांनी घेतला, तेरावा घेतला. सोळाव्याला त्यांनी झाडाखालून असा एक फटका काढला की ओवीच्या तोंडून नकळत "वा" निघालं. सतराव्यानंतर दोघांची बरोबरी झाली.

शेवटच्या होलला मेहरोत्रांनी लांबचा पट घातला आणि पाच फटक्यांत संपवलं. ओवीचे चार झाले होते. बॉल खळग्यापासून चार फुटांवर. हा बसला तर बरोबरी, आणि मग आणखी एक होल. तिने मेहरोत्रांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

"नहीं दिया," ते म्हणाले. "खेलो."

ते चिडून म्हणाले नव्हते. बरोबरच होतं त्यांचं. ओवीने उतार बघितला, थोडासा डावीकडे, आणि मारला. हातातून निघतानाच तिला कळलं की जरा जोरात गेला. बॉल खळग्याच्या उजव्या कडेला लागून पुढे गेला.

टाळ्या झाल्या. मेहरोत्रांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. ते घामाघूम झाले होते आणि लहान मुलासारखे खूश दिसत होते. ओवीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते हरल्याचं साधं पाणी होतं. त्याची तिला लाज नव्हती.

मग लछवानी जवळ आले आणि हळूच म्हणाले, "काय सफाईने घालवलास, बेटा. मीच सांगितलं नसतं तर मलाही खरं वाटलं असतं. आणि मध्ये ते उचलू नका, उचलू नका. क्या ॲक्टिंग."

"सर, मी घालवला नाही. चुकला."

"हां हां, चुकला," ते डोळा मिचकावून म्हणाले आणि पुढे गेले.

ती वडिलांकडे वळली. मधू तिच्या गोल्फच्या काठ्या पुसून बॅगेत ठेवत होते. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "बरं केलंस," ते म्हणाले.

लछवानींचं तिला एवढं लागलं नव्हतं. पण ज्या माणसाने तिला काठी धरायला शिकवलं, जो चार पावलांवर उभा राहून सगळं बघत होता, त्यालाही तेच वाटलं होतं. आता ती काहीही बोलली तरी हा पट तिचा राहणार नव्हता. उद्यापासून तो लछवानींच्या कराराचा भाग होणार होता, आणि पुढे कधीतरी घरी चहाच्या वेळचा विनोद.

बक्षीस समारंभात उपविजेती म्हणून तिला प्लेट मिळाली. सूत्रसंचालकाने हसत माइक पुढे केला. "दोन शब्द?"

ओवीने माइक घेतला.

"मेहरोत्रासरांनी मला हरवलं," ती म्हणाली. "काल मला सांगण्यात आलं होतं की ही मॅच शेवटी सोडून दे. मी ती सोडली नाही. शेवटचा पट मी बसवायला मारला होता, तो चुकला. तो मुद्दाम चुकवला असं इथे कोणाला वाटत असेल, माझ्या घरच्यांनाही वाटत असेल, तर ते खोटं आहे. सर खरे जिंकले आहेत. आणि पुढच्या वर्षी मी त्यांना हरवणार आहे."

तिने माइक परत दिला. कोणी टाळी वाजवली नाही. पहिल्या रांगेत लछवानींचा चेहरा दगडासारखा झाला होता.

मेहरोत्रा उठून तिच्यापाशी आले. "किसने बोला था?"

"ते मी सांगणार नाही, सर."

त्यांनी एकदा लछवानींकडे बघितलं. मग खालच्या आवाजात विचारलं, "और बाकी लोग? इतने साल?"

"मला माहीत नाही. मी माझ्यापुरतं सांगितलं."

ते थोडा वेळ हातातल्या कपाकडे बघत राहिले. "ये वाला तो मेरा है," ते म्हणाले.

"हो सर. हा तुमचाच."

ते कप घेऊन, कोणाशी न बोलता, गाडीत जाऊन बसले.

घरी परतताना मधूंनी अंबरनाथकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चिखलोलीच्या नव्या टॉवरांपाशी गाडी बाजूला घेतली. घर केव्हाच मागे राहिलं होतं. ते तंद्रीत तिथवर गेले होते. "मला तसं वाटायला नको होतं," ते म्हणाले. ओवीने खिडकीची काच खाली केली. "हो, नको होतं," ती म्हणाली. मग दोघं वळून घरी आले.

सोमवारी तिची पुण्याची रजा रद्द झाली. ऑडिट आहे, असं कारण मिळालं. ती सरळ लछवानींच्या केबिनमध्ये गेली आणि म्हणाली की ती बिनपगारी जाईल.

"मग परत येऊ नको," ते म्हणाले. बेटा म्हणाले नाहीत.

"येणार, सर. काढायचं असेल तर आल्यावर काढा."

पुण्याला बॅग मधूंनीच धरली. पहिल्या फेरीत ती सहज जिंकली, दुसरीत शेवटच्या होलपर्यंत खेचून जिंकली. उपांत्यपूर्व सामन्यात एका कॉलेजच्या मुलीने तिला सरळ धुतलं. मुलगी रोज गवतावर सराव करणारी, फटके दूरवर आणि सरळ. सामना लवकरच संपला. हात मिळवताना ओवीने तिला विचारलं की पुढच्या वर्षीही खेळणार ना. मुलगी म्हणाली, "हो, ताई." "मग भेटू," ओवी म्हणाली.

ती कामावर परत आली तेव्हा लॅबमध्ये तिच्या जागी दुसरा माणूस होता. तिला गोदामात ड्रममधले नमुने काढायच्या कामावर टाकलं होतं. मेहरोत्रांनी करार केला होता, पण वर्षाचा नाही, सहा महिन्यांचा. त्याचं कारण त्यांनी कोणाला सांगितलं नाही. लछवानींनी ते ओवीच्या नावावर टाकलं. काढून मात्र टाकलं नाही. तिने स्वतःहून जावं, याची ते वाट बघत असावेत.

ती गेली नाही. गोदामात उन्हाळ्यापर्यंत राहिली, एकही नमुना उशिरा दिला नाही आणि रोज पहाटे सहा होलवर चार फुटांचे पट मारत राहिली. म्हशी आल्या की थांबायची, गेल्या की पुन्हा सुरू. एप्रिलमध्ये बदलापूरच्या एका कारखान्यात लॅबची जागा मिळाली, तेव्हा तिने मुलाखतीतच सांगून टाकलं की डिसेंबरात तिला पुण्याला जायचं असतं आणि कारखानदारांच्या स्पर्धेत ती कोणासाठीही हरत नाही. समोरच्या बाईंना गोल्फमधलं काही कळत नव्हतं. त्यांनी विचारलं, जॉइन कधी होणार.

नोव्हेंबरात नव्या कारखान्यातर्फे तिने स्पर्धेत नाव घातलं. यादी लागली त्या दिवशी तिने सगळ्यात आधी मेहरोत्रांचं नाव आहे का ते बघितलं. होतं.