सोळा दिवसांची चटई

"चटईवरच्या बाईला शिवायचं नाही, आणि का ते विचारायचं नाही." या घरात मी ऐकलेला हा पहिला नियम. सांगत होत्या भागीरथीबाई, ऐकत होती त्यांची नवी सून हर्षदा. आणि जिच्याबद्दल हे चाललं होतं ती चटई मी. दोन वर्षं गप्प राहिले. आज बोलतेय, कारण मला दोरीने बांधून दाराशी उभं केलंय आणि या माणसांचं मला काहीच कळेनासं झालंय.

फुटक्या बादल्या आणि मोडक्या खुर्च्या वितळवून सुरतेजवळच्या इच्छापोरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. अंगावर हिरवे मोर विणले, त्यातला एक वाकडा निघाला. डिंडोलीच्या बाजारात भागीरथीबाईंनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "पाहुण्यांसाठी नको. वऊसाठी चालेल." वऊ म्हणजे सून. खानदेशातून येऊन तीस वर्षं झाली, पण घरातले शब्द त्यांनी बदलले नाहीत.

घर दीड खोलीचं. सासरे पंडितनाना आयुष्यभर कापडाच्या लूमवर राबून आता घरी बसलेले. त्यांचा मुलगा गजेंद्र त्याच कामावर, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी, बारा-बारा तास.

पहिलं वर्ष मला महिन्यातून पाचच दिवस काम असायचं. हर्षदाची पाळी आली की कोपऱ्यात पसरायचं. ती माझ्यावर बसून मोबाइलवर साडीच्या दुकानाच्या ऑर्डरी बघायची आणि पुटपुटायची, "बी.कॉम. केलं ते इथं बसायला." उरलेले दिवस मी कपाटामागे.

वर्ष सरलं तरी पाळणा हलेना. मग गावाकडच्या कुणा बुवांनी व्रत सांगितलं. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि पुढचे अकरा दिवस सुनेने एकदाच जेवायचं, चटईवर झोपायचं, नवऱ्यापासून लांब राहायचं. कशासाठी? मूल व्हावं म्हणून.

मी प्लॅस्टिकची. माणसांना मुलं कशी होतात याचं शिक्षण मला नाही. पण त्याला दोघं लागतात, एवढं मलासुद्धा कळत होतं.

पाच आणि अकरा, सोळा दिवस मी पसरलेली. सतराव्या दिवशी मला गुंडाळायचे आणि सगळे हर्षदाच्या तोंडाकडे आशेने बघू लागायचे. बारा दिवसांनी मी पुन्हा कोपऱ्यात. भागीरथीबाई कपाळाला हात लावायच्या. "कोठे तरी चुकस तुनं, वऊ."

मला त्यांचा राग यायचा, पण पुरता यायचा नाही. सुनेबरोबर ते अकरा दिवस त्याही एकदाच जेवायच्या. आपल्या वाटणीचं केळंही तिच्या ताटात सरकवायच्या. इतकी माया करणारी बाई एवढं साधं का बघत नाही?

गेल्या महिन्यातली एक दुपार. भागीरथीबाई आणि नाना शेजारच्या बारशाला गेले होते. हर्षदा भेस्तानच्या डॉक्टरीणबाईंकडून आली, मला कपाटामागून ओढून पसरलं आणि गजेंद्रला म्हणाली, "बस इथं." तो बिचकत बसला. दोघांना एकदम अंगावर घ्यायची माझी ती पहिलीच वेळ.

"नीट ऐक. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचं. माझी अठ्ठावीस दिवसांनी येते, म्हणून साधारण दहा ते सोळा हे दिवस. दिवस राहायची शक्यता तेव्हाच जास्त. त्यात दिवसाआड तरी एकत्र यायचं."

गजेंद्र बोटांवर मोजू लागला. सोळापाशी थांबला. "पण तेव्हा तर तू चटईवर असतेस."

"हुशार आहेस."

"आणि सतराव्यापासून?"

"सतराव्यापासून आपण नुसती वाट बघतो. आणि हे बघ, तुझा तंबाखूचा मावा बंद. दोन वर्षं झालीत, तर तपासणी दोघांची करायला सांगितलीय."

"माझी? नाना काय म्हणतील?"

"मूल नानांना व्हायचंय का?"

दोघं हसले. मला हसू आलं नाही. म्हणजे इतके महिने यांच्या मध्ये मीच पडून होते? मग मी व्रताची वस्तू की व्रतातली चूक? माझं डोकं चालेना.

गजेंद्रने मावा सोडला. तपासणीचं नाव काढल्यावर नाना मात्र भडकले. "तीस वर्षं लूम चालवला, मला कुणी तपासलं नाही. पोराची कसली तपासणी?" आणि बुवांनी आणखी मोठं व्रत काढलं. सुनेने एक्केचाळीस दिवस गावी राहायचं, चटईसकट. नवरा इथे सुरतेत, बायको तिथे शिरपूरकडे, आणि मूल कुठून येणार ते मला कुणी सांगितलं नाही.

आज सकाळी मला बांधलं. बाहेर स्टेशनला जायला रिक्षा उभी आहे. गजेंद्र रातपाळीवरून नुकताच आलाय. हातात डबा, केसांत धाग्यांचा भुगा. तो आईकडे बघतो, बायकोकडे बघतो.

वाचणाऱ्यांनो, मला जेवायला पसरा, दमलेल्या पाठीखाली घ्या, फाटले की जाळा. पण दोन माणसांच्या मध्ये टाकू नका. मला ते काम जमत नाही, कळतही नाही.

"चाल वऊ, गाडी निंघी जाई," भागीरथीबाईंनी मला उचललं.

"आई, मी येणार नाही."

नाना चपला घालता घालता वळले. "आम्ही हे कुणासाठी करतोय? तुझ्यासाठीच ना?"

"माझ्यासाठी करताय ना, मग ऐका. आज माझा बारावा दिवस आहे, नाना. मला आज गावी नाही, माझ्या नवऱ्याजवळ राहायचंय. मूल होईलच, असं डॉक्टरीणबाईही म्हणाल्या नाहीत. पण एक्केचाळीस दिवस लांब राहून होणार नाही, एवढं मला कळतं. यापुढे मी वेगळी झोपणार नाही, एक दिवससुद्धा नाही. आणि सोमवारी तपासणीला आम्ही दोघं जाणार आहोत."

सासऱ्यासमोर सुनेने असं बोललेलं या घराने कधी ऐकलं नव्हतं. भागीरथीबाईंचा पदर तोंडाशी गेला. नानांचा एक पाय चपलेत होता, दुसरा जमिनीवर, ते तसेच उभे राहिले. रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. पण रिक्षाकडे कुणीच गेलं नाही.